गुदाशयातील मेलॅनोमा: तो तिथलाच, की दुसरीकडून पसरलेला, हे कसे ठरवतात?

घाटपायथा

माझे धाकटे काका सातारा जिल्ह्यात राहतात. वय पासष्टीच्या पुढे आहे, घरची शेती आहे आणि मधुमेह सोडला तर आजवर मोठे दुखणे नव्हते. शौचाच्या वेळी रक्त पडते म्हणून त्यांच्यावर बरेच महिने मूळव्याधीचे उपचार चालू होते. कोंब मोठा होत गेला, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया केली आणि काढलेला तुकडा शल्यचिकित्सकांनी नेहमीच्या पद्धतीप्रमाणे पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठवला. अहवालात ‘मॅलिग्नंट मेलॅनोमा’ असे निदान आले. एस-१०० आणि एचएमबी-४५ या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आहेत, सायटोकेरॅटिन निगेटिव्ह आहे आणि शेवटी अशी सूचना आहे की, हा आजार मूळचा तिथलाच आहे की शरीराच्या दुसऱ्या भागातून पसरला आहे, हे रुग्णाच्या तपासणीवरून पडताळून पाहावे.

मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग, आणि तोही गोऱ्या लोकांना उन्हामुळे होणारा, एवढीच आमच्या घरात माहिती होती. उन्हाचा संबंध नसलेल्या जागी तो मुळात होतो कसा, तो तिथलाच आहे हे कशाच्या आधारे ठरते आणि इंटरनेटवर पाच वर्षांच्या आयुर्मानाचे जे भयंकर आकडे दिसतात ते कितपत खरे मानावेत, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. काकांना निदान सांगितले आहे, त्यामुळे लपवालपवीचा प्रश्न नाही.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. उपचारांविषयी त्या क्षेत्रातील मंडळी लिहितील.

मेलॅनोमा ज्या पेशींपासून होतो त्या रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, फक्त त्वचेत नसतात. गर्भावस्थेत त्या मज्जातंतूंच्या मूळ पट्टीतून निघून शरीरभर स्थलांतर करतात आणि त्वचेखेरीज डोळ्यात, मेंदूच्या आवरणात, नाकातोंडाच्या अस्तरात आणि गुदद्वाराच्या आतही वस्तीला राहतात. गुदमार्गात जिथे त्वचेसारखे अस्तर संपते आणि आतड्याचे अस्तर सुरू होते, त्या डेंटेट लाइनच्या आसपास त्या सर्वसामान्य माणसातही सापडतात. अन्ननलिकेतही काही जणांत त्या असतात. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० शवविच्छेदनांपैकी चारांमध्ये अन्ननलिकेच्या अस्तरात रंगपेशी आढळल्या होत्या. तेव्हा या दोन जागी मूळचा मेलॅनोमा होणे अत्यंत विरळ असले तरी अशक्य नाही. गुदमार्गातल्या मेलॅनोमाचे वर्णन मूर यांनी १८५७ सालीच केले होते, आणि अन्ननलिकेतल्या मेलॅनोमाची पहिली नोंद १९०६ सालची मानली जाते.

उन्हाचा संबंध नाही हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याला जनुकीय पुरावाही आहे. त्वचेच्या मेलॅनोमात अतिनील किरणांनी केलेल्या नुकसानीचा ठसा डीएनएवर स्पष्ट दिसतो आणि उत्परिवर्तनांची संख्याही प्रचंड असते. अस्तरातल्या मेलॅनोमात हा ठसा बहुधा नसतो आणि उत्परिवर्तनेही बरीच कमी असतात. पाश्चात्त्य देशांत एकूण मेलॅनोमांपैकी साधारण एक टक्काच अस्तरातले असतात, तर चीनमधल्या रुग्णालयांच्या नोंदींत हे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक दिसते. याचा अर्थ आशियाई लोकांना हा आजार पुष्कळ जास्त होतो असा नव्हे. आपल्याकडे त्वचेचा मेलॅनोमा विरळ आहे, म्हणून एकूण संख्येत अस्तरातल्या मेलॅनोमाचा वाटा मोठा भासतो.

आता मुख्य प्रश्न. तो तिथलाच आहे का, याचे उत्तर कोणतीही एक चाचणी देत नाही. एस-१००, एचएमबी-४५, मेलॅन-ए, सॉक्स-१० या चाचण्या गाठ मेलॅनोमाची आहे एवढेच सांगतात. ती कुठे उगम पावली ते सांगत नाहीत. उगम ठरवण्यासाठी आम्ही दोन दिशांनी पाहतो. पहिली दिशा सूक्ष्मदर्शकातली. गाठीच्या कडेला जे अस्तर शिल्लक असते त्याच्या तळाशी, अस्तर आणि खालच्या ऊतींच्या सीमेवर, विकृत रंगपेशी ओळीने किंवा झुबक्यांनी दिसतात का, हे शोधायचे. त्या दिसल्या तर आजार तिथेच सुरू झाल्याचा तो बळकट पुरावा असतो. ॲलन आणि स्पिट्झ यांनी १९५३ साली मांडलेला हा निकष आजही वापरात आहे. पण गाठीवर व्रण झाला असेल तर वरचे अस्तर नाहीसे झालेले असते आणि पुरावाही त्याबरोबर गेलेला असतो. लहान बायोप्सीत तर ती कड आलेलीच नसते.

म्हणून दुसरी दिशा, म्हणजे इतरत्र मूळ आजार नाही याची खात्री करणे, तितकीच महत्त्वाची आहे. यात डोक्यापासून तळपायापर्यंत संपूर्ण त्वचेची तपासणी येते. आपल्याकडे मेलॅनोमा पाठीवर किंवा हातावर क्वचितच होतो; तो तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो आणि अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या टाचेवरचा काळा डाग कोणाच्या नजरेत भरत नाही. बॉब मार्ले यांचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता, हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. त्याशिवाय बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून नेत्रपटलाची तपासणी, नाक-तोंड-घशाची तपासणी, रुग्ण स्त्री असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी, पूर्ण कोलोनोस्कोपी आणि पेट-सीटी स्कॅन हे सर्व व्हायला हवे. पूर्वी कधी तीळ किंवा चामखीळ जाळली, कापली होती का, हा प्रश्न काकांना आणि काकूंना वेगवेगळा विचारा; तीळ काढल्याचे माणसे विसरतात.

तुमच्या काकांच्या बाबतीत जागाच अशी आहे की तिथे रंगपेशी असतातच, त्यामुळे बाकी तपासण्यांत काही सापडले नाही तर तो मूळचा तिथलाच मानला जाईल. तरीही मूळ स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे) घेऊन कर्करोगाच्या मोठ्या केंद्रातील पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी करून घ्या. गुदमार्गातल्या मेलॅनोमांपैकी सुमारे ३० टक्क्यांत रंगद्रव्य नसते, आणि असा रंगहीन मेलॅनोमा लिम्फोमा, सारकोमा किंवा अविकसित कार्सिनोमा अशा दुसऱ्याच प्रकारचा कर्करोग वाटू शकतो.

मोसंबी

इथे एक भाबडा वाटेल असा प्रश्न विचारते. माझ्या सासूबाईंच्या कोलोनोस्कोपीच्या अहवालात ‘मेलॅनोसिस कोलाय’ असे लिहिले आहे. मोठ्या आतड्याचे अस्तर काळसर तपकिरी दिसत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि काळजी करू नका असेही म्हणाले. हा धागा वाचल्यावर घरात घबराट पसरली आहे. याचा आणि मेलॅनोमाचा काही संबंध आहे का?

सूक्ष्मदर्शी

काहीही संबंध नाही. त्यातले रंगद्रव्य मेलॅनिन नसतेच. ते लायपोफ्युसिन असते आणि अस्तराखालच्या भक्षक पेशींत साठलेले असते. सोनामुखीसारखी ॲन्थ्राक्विनोन असलेली रेचके दीर्घकाळ घेतल्याने हे होते. बद्धकोष्ठावरच्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते, तेव्हा सासूबाई रात्री कोणते चूर्ण घेतात ते पाहा. ते थांबवल्यावर हा रंग हळूहळू फिकट होतो.

जुनी वाट

माझ्या आईला अन्ननलिकेचा मेलॅनोमा झाला होता, म्हणून लिहिते आहे. तिला गिळताना त्रास होऊ लागला, एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात काळसर, मशरूमसारखी आत लोंबणारी गाठ दिसली आणि पहिल्या बायोप्सीचा अहवाल ‘अविकसित कार्सिनोमा’ असा आला. ते गाव आणि ते रुग्णालय मी सांगणार नाही, कारण दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. अन्ननलिकेच्या कर्करोगांत मेलॅनोमाचे प्रमाण हजारात एक-दोन एवढेच असते, हे मला नंतर कळले. दुसऱ्या केंद्रात स्लाइड पुन्हा पाहिल्या, जादा चाचण्या केल्या आणि निदान बदलले. निदान बदलल्याने उपचारांचा सारा आराखडा बदलला, कारण पहिल्या निदानानुसार केमो आणि रेडिएशन एकत्र सुरू होणार होते, आणि मेलॅनोमा त्या केमोला फारशी दाद देत नाही.

घाटपायथा, तुमच्या काकांच्या शल्यचिकित्सकांनी तुकडा तपासणीला पाठवला याबद्दल त्यांचे आभार माना. आमच्या नात्यात एका गृहस्थांची मूळव्याध म्हणून काढलेली गाठ तपासणीला न पाठवता टाकून दिली गेली आणि जांघेत गाठ आल्यावर सगळे उघड झाले. मूळव्याध हमखास बरी करण्याची पाटी लावलेल्या ठिकाणी जाणाऱ्यांनी निदान एवढा आग्रह धरावा की, काढलेली प्रत्येक गोष्ट फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे जावी. त्याचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य असतो.

निवृत्त शल्यक

वरच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. चाळिशीनंतर प्रथमच रक्त पडू लागले तर बोटाने तपासणी आणि सिग्मॉइडोस्कोपी (आतड्याच्या खालच्या भागाची दुर्बिणीने तपासणी) केल्याशिवाय मूळव्याधीचे लेबल लावू नये. ही शिकवण जुनी आहे, पण बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत ती पाळली जात नाही.

आता शस्त्रक्रियेविषयी. गुदमार्गातल्या मेलॅनोमासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढणे, ज्यात गुदद्वाराचे स्नायू शाबूत राहतात. दुसरा म्हणजे गुदद्वारासह गुदाशय काढून पोटावर कायमची कोलोस्टॉमी, म्हणजे मलासाठी कृत्रिम वाट, करणे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने १९९५ साली आपला ६४ वर्षांचा अनुभव मांडला. त्यात ८५ रुग्ण होते, म्हणजे एवढ्या मोठ्या केंद्रातही वर्षाला सरासरी दीडहूनही कमी रुग्ण. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण १७ टक्के होते आणि लेखकांचा कल मोठ्या शस्त्रक्रियेकडे होता, कारण दीर्घकाळ जगलेल्यांपैकी बहुतेकांवर तीच झाली होती. पुढे २००६ साली त्याच संस्थेने पुन्हा आढावा घेतला, तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. आजार परत येण्याशी संबंध दिसला तो मज्जातंतूंभोवतीच्या शिरकावाचा. मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते, कारण आजार इतका विरळ असला की अनुभवी हातांनाही आपल्याच आकड्यांवरून निष्कर्ष काढताना चकवा बसतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक रुग्णांचा मृत्यू स्थानिक आजाराने होत नाही. यकृत, फुफ्फुस, मेंदू येथे पसरलेल्या आजाराने होतो आणि ते बीज अनेकदा शस्त्रक्रियेच्या आधीच पडलेले असते. तेव्हा खाली किती मोठा भाग काढला याने वरच्या प्रसारावर परिणाम होत नाही. आज सर्वसाधारण धोरण असे आहे की, कडा स्वच्छ ठेवून गाठ निघत असेल तर स्नायू वाचवावेत, आणि गाठ मोठी असेल, स्नायूंत घुसलेली असेल किंवा कडा स्वच्छ मिळणारच नसतील, तर कोलोस्टॉमीला पर्याय नसतो. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने स्थानिक शस्त्रक्रियेनंतर एकूण ३० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) रेडिएशन ५ वेळांत विभागून देण्याची पद्धत वापरली. तिने त्या जागी आजार परत येण्याला चांगला आळा बसला, दूरच्या प्रसाराला मात्र नाही.

तुमच्या काकांची पहिली शस्त्रक्रिया मूळव्याध समजून झाली आहे, त्यामुळे कडा स्वच्छ असण्याची शक्यता कमी आहे. श्रोणिभागाचा एमआरआय करून काय शिल्लक आहे ते पाहावे लागेल. जांघेतल्या लिम्फ नोडची (लसिकाग्रंथींची) सोनोग्राफीही करावी, कारण डेंटेट लाइनच्या खालचा आजार जांघेकडे जातो आणि वरचा गुदाशयाभोवतीच्या नोडकडे. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची घाई स्कॅन होईपर्यंत करू नये.

खाडीपलीकडे

माझ्या मेव्हण्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांना आतड्यात आतडे शिरून अडथळा झाला, तातडीने ऑपरेशन झाले आणि लहान आतड्याच्या मधल्या भागातली गाठ मेलॅनोमा निघाली. तिथले डॉक्टर ‘प्राथमिक’ म्हणतात, दुसरे म्हणतात असे काही नसतेच. आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा?

सूक्ष्मदर्शी

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. लहान आतडे हे त्वचेच्या मेलॅनोमाचे पचनमार्गातले सर्वांत आवडते ठिकाण आहे. मेलॅनोमाने मृत्यू झालेल्यांच्या शवविच्छेदनात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या पचनमार्गात प्रसार सापडलेला आहे, तर जिवंतपणी तो जेमतेम २ ते ५ टक्क्यांत ओळखला जातो. उलट लहान आतड्याच्या अस्तरात सामान्यतः रंगपेशी आढळत नाहीत. त्या तिथे कशा पोहोचाव्यात याविषयी गर्भावस्थेतल्या स्थलांतरापासून चेतापेशींच्या रूपांतरापर्यंत अनेक कल्पना आहेत, आणि एकही निर्विवाद नाही. त्यात भर म्हणजे त्वचेवरचा मूळ मेलॅनोमा शरीराच्या प्रतिकारशक्तीने कधी कधी पूर्ण पुसला जातो आणि मागे फिकट डाग किंवा काहीच उरत नाही. अशा वेळी आतड्यातला प्रसार हाच एकमेव आजार भासतो.

म्हणून १९९९ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे निकष मांडले. सॅक्स आणि सहकाऱ्यांनी गाठ एकच असावी, त्वचा, डोळे आणि त्या भागाबाहेरच्या लिम्फ नोडसह अन्यत्र कुठेही आजार नसावा आणि निदानानंतर किमान १२ महिने रुग्ण आजारमुक्त राहावा अशा अटी घातल्या. ब्लेकर आणि सहकाऱ्यांचा भर, एकच गाठ आणि त्वचा निर्दोष असण्याबरोबरच, अस्तरातच रंगपेशींचा विकार दिसण्यावर होता. यातली बारा महिन्यांची अट लक्षात घ्या. ती खरी मानली तर आज कोणीही मेव्हण्यांना ठामपणे ‘प्राथमिक’ म्हणू शकत नाही. वर्ष उलटल्यावरच म्हणता येईल, आणि तोवर उपचारांचे बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतील. त्यामुळे व्यवहारात या वादावर फार वेळ घालवू नका. त्वचा, डोळे, पेट स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय या तपासण्या मात्र टाळू नका, कारण दुसरीकडे आजार सापडला तर स्टेज बदलते, आणि बीरॅफ जनुकातील बदल सापडला तर औषधेही बदलतात. त्वचेच्या मेलॅनोमात हा बदल जवळपास निम्म्या रुग्णांत असतो, अस्तरातल्या मेलॅनोमात दहा टक्क्यांच्याही आत.

दूरदेशी

मी परदेशात मेडिकल ऑन्कॉलॉजीत, म्हणजे कर्करोगाच्या औषधोपचारांत, काम करतो. आयुर्मानाच्या आकड्यांविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नाचा तो भाग अजून राहिला आहे.

पहिली अडचण अशी की या आजाराला स्वतःची सर्वमान्य टीएनएम स्टेजिंग पद्धत (गाठ, नोड आणि दूरचा प्रसार यांवरून आजाराचा टप्पा ठरवणारी) नाही. नाकातोंडातल्या मेलॅनोमासाठी ती आहे आणि तिथे मोजणीच टी-३ पासून, म्हणजे गाठीच्या थेट तिसऱ्या पायरीपासून, सुरू होते, यावरून तज्ज्ञ या आजाराकडे किती गंभीरपणे पाहतात ते लक्षात येईल. गुदमार्गासाठी व्यवहारात साधी तीन भागांची विभागणी वापरतात: जागेवरचा आजार, लगतच्या नोडपर्यंत गेलेला आणि दूर पसरलेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीतील १९७३ ते २००३ या काळातल्या रुग्णांचा अभ्यास पाहिला तर या तीन गटांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) अनुक्रमे सुमारे २४, १७ आणि ८ महिने होते. अन्ननलिकेच्या मेलॅनोमाच्या जुन्या मालिकांत ते वर्षभराच्या आसपास येते. इंटरनेटवर तुम्हाला भेटणारे आकडे बहुधा याच काळातले असतात.

त्यातील शेवटचे वर्ष २००३ आहे, याकडे मला तुमचे विशेष लक्ष वेधायचे आहे. प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढणारी औषधे (इम्युनोथेरपी) त्यानंतर आली: इपिलिमुमॅब २०११ साली, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ साली. या शोधामागच्या मूलभूत कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्वचेच्या मेलॅनोमाचे चित्र या औषधांनी पालटले. अस्तरातल्या मेलॅनोमाचे तेवढे पालटलेले नाही, कारण उत्परिवर्तने कमी असली की प्रतिकारशक्तीला परके ओळखायला खुणाही कमी मिळतात. अनेक चाचण्यांतील रुग्ण एकत्र करून २०१७ साली केलेल्या विश्लेषणात अस्तरातल्या मेलॅनोमाची गाठ एकट्या निव्होलुमॅबने सुमारे २३ टक्के रुग्णांत आणि निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब जोडीने सुमारे ३७ टक्के रुग्णांत लक्षणीय आक्रसली. त्वचेच्या मेलॅनोमात हेच आकडे सुमारे ४१ आणि ६० होते. चेकमेट ०६७ या चाचणीत अस्तरातल्या मेलॅनोमाचे ७९ रुग्ण होते आणि पाच वर्षांनी जोडी घेतलेल्यांपैकी ३६ टक्के, एकटे निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी १७ टक्के, तर एकटे इपिलिमुमॅब घेतलेल्यांपैकी ७ टक्के हयात होते. हे सर्व रुग्ण शस्त्रक्रियेने न निघणाऱ्या किंवा पसरलेल्या आजाराचे होते, हे ध्यानात ठेवून हे आकडे जुन्या आठ महिन्यांशेजारी ठेवून पाहा.

या जोडीची किंमत शरीरालाही मोजावी लागते. वर सांगितलेल्या २०१७ च्या विश्लेषणात जोडी घेतलेल्या अशा रुग्णांपैकी ४० टक्क्यांना गंभीर दुष्परिणाम झाले. आतड्याचा दाह, यकृताचा दाह, थायरॉइड आणि पिट्युटरीचे विकार हे नेहमीचे. काकांना मधुमेह आहे, त्यामुळे दुष्परिणामांवर स्टिरॉइड द्यावे लागले तर साखर भडकेल, हे आधीच गृहीत धरून ठेवा. आणि औषध चालू असताना जुलाब लागले, किंवा कोलोस्टॉमी असल्यास पिशवी एकाएकी वारंवार भरू लागली, तर ती घरगुती उपायांची वेळ नव्हे. त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टना कळवायचे.

जुनी वाट

आपण दिलेल्या माहितीबद्दल आभार. पण ३६ टक्के हा आकडा घरातल्या माणसांनी कसा ऐकावा, याविषयी थोडे लिहावेसे वाटते. त्या चाचणीत जोडी घेणारे अस्तरातल्या मेलॅनोमाचे रुग्ण तीसच्याही आत असावेत, कारण एकूणच ७९ होते आणि गट तीन होते. एवढ्या लहान गटात दोन-तीन माणसे इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी दहाने हलते. शिवाय चाचणीत घेतलेले रुग्ण प्रकृतीने धडधाकट असतात. माझ्या आईला एकच औषध झेपले, तिची गाठ काही काळ आक्रसली आणि नंतर यकृतात आजार दिसला. खर्च हा तर वेगळाच विषय आहे. एका डोसला लाखांच्या घरात पैसे जातात आणि किती डोस लागतील ते कोणी सांगू शकत नाही.

दूरदेशी

आपले म्हणणे मान्य आहे. मी तो आकडा आशेची हमी म्हणून दिलेला नाही. औषधांना प्रतिसाद देणाऱ्यांत तो बराच काळ टिकतो आणि न देणाऱ्यांत आजार काही महिन्यांतच पुढे जातो, त्यामुळे सरासरी कोणालाच नीट लागू पडत नाही. पहिल्या बारा आठवड्यांचा स्कॅन हा रुग्णासाठी या सगळ्या आकड्यांपेक्षा अधिक बोलका असतो.

खर्चासंबंधी एक गोष्ट. टाटा मेमोरियलच्या गटाने २०२२ साली डोके-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस वापरून चाचणी प्रसिद्ध केली आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तो निष्कर्ष मेलॅनोमाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही पूर्ण डोस परवडत नसेल तर ‘मग काहीच नको’ असे ठरवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे.

दुसरी गोष्ट म्हणजे किट जनुकाची तपासणी करून घ्यावी. अस्तरातल्या मेलॅनोमांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांत या जनुकात बदल असतो आणि त्यावर इमॅटिनिब ही गोळी चालते. चीनमधल्या ४३ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, २३ टक्के रुग्णांत गाठ आक्रसली होती. फार मोठा आकडा नव्हे, पण भारतात इमॅटिनिब जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळते; नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला तो याच औषधाबाबतचा. इम्युनोथेरपी ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे त्यांच्यासाठी ही तपासणी चुकवणे परवडणारे नाही.

घाटपायथा

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या, त्या इथे नोंदवतो. मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयात स्लाइडची फेरतपासणी झाली. मेलॅनोमाचे निदान कायम आहे, सॉक्स-१० पॉझिटिव्ह आहे आणि एका कडेला, डेंटेट लाइनजवळच्या अस्तरात, विकृत रंगपेशींचे झुबके दिसल्याचे अहवालात नमूद केले आहे. मज्जातंतूंभोवती शिरकाव दिसलेला नाही, मात्र खालची कड आजारग्रस्त आहे. त्वचा आणि डोळ्यांच्या तपासणीत काही आढळले नाही. काकांच्या तळपायावर एक काळा डाग होता, तो त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपने पाहून निरुपद्रवी ठरवला. पेट स्कॅनमध्ये दूरचा प्रसार नाही. डाव्या जांघेत एक नोड किंचित मोठा आहे आणि त्याची सुईने तपासणी व्हायची आहे. किटचे सीक्वेन्सिंग पाठवले आहे.

आता एकच शंका आहे. अहवालात ‘सीडी-११७ पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे आणि सीडी-११७ म्हणजेच किट असे चुलतभावाने शोधून काढले आहे. मग सीक्वेन्सिंगच्या अहवालाची वाट पाहण्याऐवजी इमॅटिनिब आजच सुरू करता येईल का, असे तो विचारतो.

सूक्ष्मदर्शी

नाही. सीडी-११७ ची चाचणी पेशीवर किट प्रथिन आहे एवढेच दाखवते. ते प्रथिन निरोगी रंगपेशींवरही असते आणि ज्यांच्या जनुकात कोणताही बदल नाही अशा अनेक मेलॅनोमांवरही असते. औषध काम करते ते जनुकाच्या ठरावीक भागांत, विशेषतः एक्सॉन ११ आणि १३ मध्ये, बदल असेल तर. नुसत्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्या तरी प्रतिसाद क्षीण असतो. उलट याच चाचणीमुळे मेलॅनोमाची कधी कधी आतड्यातल्या जिस्ट या गाठीशी गल्लत होऊन चुकीचे निदान होते, म्हणून अशा वेळी डॉग-१ (जिस्टची खूण) आणि सॉक्स-१० सोबत पाहतात. तुमच्याकडे सॉक्स-१० पॉझिटिव्ह आहे आणि अस्तरात झुबके दिसले आहेत, तेव्हा निदानाविषयी शंका नाही आणि मूळ जागेविषयीही फारशी नाही.

ब्लॉक परत मिळाले की ते आणि त्यांची पावती घरी नीट ठेवा. पुढे नवी तपासणी करायची झाली तर तेच लागतील.

निवृत्त शल्यक

आणखी एक कारण आहे. इमॅटिनिबचा अभ्यास झाला तो पसरलेल्या आजारात. काकांचा आजार आज हाती लागलेल्या पुराव्यानुसार जागेवरचा आहे. त्यांची पुढची पायरी गोळी नसून जांघेतल्या नोडचा अहवाल आणि त्यानंतर आजारग्रस्त कड पुन्हा काढणे ही आहे. नोड स्वच्छ निघाला आणि एमआरआयवर स्नायू मोकळे दिसले, तर स्नायू वाचवून रुंद कडेने काढण्याचा पर्याय आपल्या शल्यचिकित्सकांना स्पष्टपणे विचारा. नोड आजारग्रस्त निघाला तर आधी इम्युनोथेरपी द्यावी का, हा प्रश्न ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे निरनिराळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे, ठेवायला सांगा. दोन्ही परिस्थितींत शस्त्रक्रियेपूर्वी शल्यचिकित्सक आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट यांची एकत्र भेट झालेली असावी. स्वतंत्र चिठ्ठ्या घेऊन नातेवाइकांनी दोघांमध्ये फेऱ्या मारू नयेत.